आवारातली बेणणी: विळा की ग्रासकटर?

गणपतीआधी बेणणी करायची, म्हणजे घराभोवतीचं गवत काढायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच जमीन निसरडी असते, दगड गवतात दडलेले असतात आणि गडी मिळत नाही. विळ्याला दिवस लागतो ते काम ग्रासकटर काही तासांत उरकतो, म्हणून बरेच जण थेट मशीन घेतात. पण इजा दोन्हींनी होते, फक्त वेगवेगळ्या. आवार कसं आहे ते पाहून ठरवावं.

विळ्यात मुख्य धोका डाव्या हाताला. जुडी धरायला हात न दिसणाऱ्या जागी घालावा लागतो, आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत, कातळावरच्या सुट्या चिऱ्यांखाली (जांभ्या दगडांखाली) फुरसं (विषारी साप) असतं. जेमतेम हातभर लांब, मातकट, पळण्याऐवजी वेटोळं करून खवले घासत खरखर करणारं. आधी लांब काठीने पुढचा पट्टा झोडावा आणि जुडी बेचक्याच्या काठीने दाबावी. चिरे पहारीने हलवावेत, खाली बोटं घालू नयेत; तिथे लाल विंचूही असतो. बोथट विळा जास्त कापतो, कारण जोर लावला की तो घसरून नडगीवर येतो. ओल्या मुठीला सुती चिंधी गुंडाळावी.

फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. चावलेल्या जागी चीर दिली तर रक्त थांबणं अवघड, दोरी आवळली तर हातपाय गमावण्याची भीती. अंगठी-बांगडी काढा, चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही.

मशीनमुळे हात गवतापासून लांब राहतो, हा मोठा फायदा. पण जांभ्याची खडी गोळीसारखी उडते. १५ मीटरच्या आत माणूस, गुरं, उभी गाडी नको. कोणी जवळ आलं तर आधी इंजिन बंद. रोजचा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद गॉगल आणि वर जाळीचा मुखवटा हवा. डोळ्यात गवताची काडी गेली तर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत: अशा जखमेत बुरशी वाढते आणि त्या थेंबांनी ती फोफावते.

मशीनला दोरी की पातं? घराजवळ आणि कलमांच्या खोडाशी नायलॉनची दोरी, साधारण २.४ मिमी. रानमोडी, घाणेरी अशा काटक झुडपांना पातं, पण ते चिऱ्याला लागलं की मशीन झटका देतं. पातं वरून पाहता डावीकडे फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे झाडल्यासारखं कापावं आणि पात्याची पुढची उजवी कड खोडावर टेकवू नये. दोरी संपली म्हणून सायकलची ब्रेकवायर किंवा बांधणीची तार लावणं हा सर्रास चालणारा उद्योग. तिचा तुटलेला तुकडा मांसात घुसतो. संरक्षक पत्रा काढून टाकणं हा दुसरा. गुंडाळलेलं गवत सोडवताना इंजिन पूर्ण बंद, पेट्रोल भरताना ते थंड. कानात बोळे घालायचेच.

लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका दोन्हींत सारखाच. उंदरांचं मूत्र मिसळलेलं पाणी पायाच्या भेगांतून आत जातं. गमबूट घालावेत, जखमेवर जलरोधक पट्टी लावावी, आणि बेणणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं जाणवलं तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप आवर्जून सांगावं.

दोन-तीन गुंठ्यांचं आवार, भोवती गडगा आणि पोरं अंगणात असतील तर विळाच बरा. एकराच्या कलमबागेत मशीन घ्यावं, तरी गडग्यालगतचे तीन फूट विळ्यासाठीच सोडावेत. पैसे मोजके असतील तर पात्यांचा जादा संच नंतर घ्या, गमबूट आणि मुखवटा पहिल्यांदा.