शनिवारचा वॉक-इन की बाणेरचं छोटं ऑफिस?

हिंजवडीतल्या मोठ्या सर्व्हिस कंपनीचा (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणारी) वॉक-इन कॉल, म्हणजे ठरलेल्या दिवशी थेट जाऊन रांगेत द्यायची मुलाखत, आणि बाणेरमधल्या पंचवीस माणसांच्या प्रॉडक्ट कंपनीचा (स्वतःचं सॉफ्टवेअर विकणारी) मेल एकाच आठवड्यात आले, तर कुठे जायचं? तीन-चार वर्षं अनुभव असलेल्या पुण्यातल्या डेव्हलपरला हा प्रश्न कधीतरी पडतोच. मी दोन्हीकडे मुलाखती दिल्यात, दोन्हीकडे नोकरीही केलीये. पगाराची तुलना कुणीही करून देईल. मी मुलाखतीची करतो, कारण समोर कोण बसलं होतं यावरून पुढचं बरंच कळतं.

आधी वॉक-इन. साडेआठला पोचलो तर रांग गेटबाहेर. लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहिला, गळ्यात व्हिजिटर पास, टोकन १४७. कॅन्टीनमध्ये बसवलं. शेजारचा मुलगा रात्रीच्या गाडीने नांदेडहून आला होता आणि फाइलमधल्या मार्कशीट पुन्हापुन्हा लावत होता. माझा नंबर साडेअकराला लागला. वीस मिनिटं: जावातला हॅशमॅप (किल्लीवरून माहिती झटकन शोधायची रचना) आतून कसा चालतो, इक्वल्स ओव्हरराइड केलं आणि हॅशकोड विसरलात तर काय होईल, एसक्यूएलमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. ही प्रश्नपत्रिका मी वर्षानुवर्षं तीच बघतोय, आठवडाभर उजळणी केली की निघते. पॅनलवरचा माणूस स्वतःचा शनिवार मोडून आलेला, त्यालाही घाई. ‘कुठल्या प्रोजेक्टसाठी घेताय?’ म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘ते आरएमजी ठरवेल.’

आरएमजी म्हणजे माणसं प्रोजेक्टवर वाटणारा विभाग. तो मुलाखतीला नसतोच. तुम्हाला पास करणारा माणूस, तुमचा होणारा मॅनेजर आणि तुम्ही ज्याचं काम करणार तो क्लायंट, हे तिघं वेगवेगळे. म्हणून जॉइन झाल्यावर बऱ्याचदा बेंच, म्हणजे प्रोजेक्ट मिळेपर्यंत पगारावर नुसतं बसून राहणं, आणि मग क्लायंटची मुलाखत वेगळी. ही दुसरी मुलाखत आधी कुणी सांगत नाही. मी पहिल्यांदा तिच्यात आपटलो होतो. नोकरी शाबूत राहिली, पण दीड महिना नुसतं कार्ड पंच करून कॅन्टीनचा चहा प्यायलो.

बाणेरला उलटं. इमारतीखाली मेडिकलचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, दार उघडलं ते कंपनी काढणाऱ्यानेच. त्याआधी घरी करायची असाइनमेंट होती: मेलमध्ये ‘चार तासांचं काम’, प्रत्यक्षात शनिवार-रविवार गेला. मुलाखतीत मात्र तोच कोड स्क्रीनवर लावून दीड तास बोललो. इथे क्यू (कामं रांगेत लावायची रचना) का वापरला, पेमेंटची रिक्वेस्ट दोनदा आली तर काय, कोड तपासणारी ही टेस्ट का नाही लिहिली. एका ठिकाणी मी चुकलो होतो, तेव्हा मुलाखत घेणारीने (पुढे ती माझी टीम लीड झाली) मार्कर माझ्या हातात दिला आणि ‘आता लिहा’ म्हणाली. दमलो, पण ज्यांच्याबरोबर बसायचं त्यांना बघून आलो.

छोट्या कंपन्यांचं कौतुक इथेच थांबवतो. अशाच दुसऱ्या एका ठिकाणी असाइनमेंट म्हणून जे दिलं ते त्यांच्या चालू ॲपमधलंच काम होतं. करून पाठवलं, ‘छान आहे’ असा मेल आला, त्यानंतर शांतता. दोनदा फोन केला, उचलला नाही. मोठ्या कंपनीत निदान पोर्टलवर ‘नॉट सिलेक्टेड’ दिसतं. तेव्हापासून असाइनमेंट दिवसभराच्या वर जाणार असेल तर मी आधीच विचारतो, ‘आपण कॉलवर बसून केलं तर चालेल का?’

एचआरचा राउंड दोन्हीकडे तोच: करंट किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती. नव्वद दिवसांची नोटीस ऐकून छोटी कंपनी कचरते, तिला लगेच येणारा हवा असतो. मोठीला सवय आहे. मोठीकडे ऑफरआधी कागदपत्रांचा डोंगर: तीन पगाराच्या स्लिपा, रिलिव्हिंग लेटर, यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) पीएफची नोकरीवार नोंद. अनुभव फुगवला असेल तर तिथेच सापडतो. सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून हुरळू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी धरलेली ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून, नक्की नसलेला भाग) मिसळलेलं असतं, म्हणून महिन्याला हातात किती येणार ते लेखी मागा. छोटी कंपनी इसॉप्स (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) दाखवेल. ते सहसा चार वर्षांत मिळतात, पहिल्या वर्षाच्या आत सोडलंत तर काहीच नाही, आणि शेअर घेताना कर भरावा लागतो तो पगारातल्या उत्पन्नासारखा. त्यामुळे मी ते घरखर्चाच्या हिशोबात धरत नाही.

गृहकर्ज काढायचंय, ऑनसाइटची (क्लायंटकडे परदेशी जाऊन काम करायची) आशा आहे किंवा घरात एकट्याचाच पगार आहे, तर वॉक-इनला जा, रांगेचा राग मानू नका. बेंचवर बसल्यावर मन सैरभैर होणाऱ्याने मात्र बाणेर आधी बघावं.

दोन्ही कॉल हातात असतील तर मी छोटीची मुलाखत आधी देतो. तिथे कोडवर दीड तास बोललेला माणूस हॅशमॅपला अडखळत नाही. वॉक-इनला जाताना डबा आणि चार्जर न्या. कॅन्टीनमध्ये प्लग पॉइंट भिंतीकडच्या टेबलांनाच असतात आणि ती नऊच्या आत भरतात.