आठ महिने, एक कोर्स आणि ते करडं 'पुढे' बटण

गोदामातल्या कामाचा ऑनलाइन प्रशिक्षण कोर्स करतोय, आज पुन्हा तेच. ५२व्या स्लाइडवर लॅपटॉप बंद पडला, परत उघडला तर कोर्स पहिल्या स्लाइडवर. हेल्पडेस्क म्हणतं, कॅशे साफ करा. केला, काही फरक नाही. कोर्स स्कॉर्म १.२ या ऑनलाइन कोर्सच्या जुन्या मानकाचा आहे, त्यात 'कुठवर आलो' हे साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. एवढ्या स्लाइड कोंबल्यावर तीच भरत असणार.

पहिल्यापासून म्हणजे अगदी पहिल्यापासून, कारण निवेदन संपेपर्यंत 'पुढे' बटण करडंच. निवेदनातल्या बाई स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचतात. माझं वाचून होतं, त्यांचं चालूच. चित्राबरोबर आवाज असताना तोच मजकूर पडद्यावरही ओतला तर शिकणं घटतं, हे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत कधीच दिसलंय. इथं मात्र स्लाइड पूर्ण वाजली की माणूस शिकला!

खरं तर तिसऱ्या महिन्यातच कोर्सला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. आळस केला ते बरं झालं. पाचव्या महिन्यात परतीच्या मालाचं मॉड्यूल, म्हणजे कोर्सचा तो भाग, बदललं. कोर्सच्या नव्या डिझायनर दोन दिवस गोदामात आमच्याशेजारी बसल्या, आम्ही कुठं चुकतो ते टिपत. बॅच नंबर म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊकच होतं. गाडी अडायची ती पुसट लेबलावर. त्यांनी व्याख्या उडवल्या. आता थेट पुसट लेबलाचा फोटो येतो आणि प्रश्न: काय कराल? चुकलं तर लाल फुली नाही, त्या नोंदीमुळे साठ्यात पडलेला फरक दिसतो. पुढं तीन आणि दहा दिवसांनी मोबाइलवर दोन-दोन प्रश्न. आधी कटकट वाटली. पण रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगातही पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत मात्र स्वतः आठवून पाहणारे पुढे निघाले. माझ्या नोंदी आता संध्याकाळी दुरुस्तीला परत येत नाहीत.

आणि लेबलं पुसट का येतात? त्यावर डिझायनर बाईंनी सरळ लिहून दिलं: हा प्रशिक्षणाचा प्रश्न नाही, प्रिंटरची रिबन बदला. नवं मॉड्यूल काढण्यापेक्षा किती स्वस्त!

बाकीची मॉड्यूल जुनीच. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक रिबनचा. बटण उघडं केलंत तर चौथा देतो. आत्ता निवेदनातल्या बाई ११व्या स्लाइडवर आहेत, म्हणून एवढं लिहून झालं.