पिवळा दिवा लागल्यावर: फोनचं डोंगल की वायरचं रीडर?

गाडीचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला की बिघाडाचा कोड वाचायला घरात एक स्कॅनर असावा, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. गॅरेजवाल्यांची महागडी यंत्रं सोडली तर आपल्यासारख्यांपुढे दोनच पर्याय उरतात. एक, फोनशी ब्लूटूथने बोलणारं काडेपेटीएवढं डोंगल. दुसरा, स्वतःची वायर आणि छोटी स्क्रीन असलेलं हातातलं कोड रीडर. माझ्याकडे दोन्ही आहेत. रीडर गाडीत असतं आणि डोंगल घरी ड्रॉवरमध्ये, यावरून माझा कल कळलाच असेल. तरी तुमचं तसंच होईल असं नाही.

नुसते कोड वाचण्यात दोघांमध्ये डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाच्या मानकाच्या) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड कोडमधून सांगायची ठरलेली पद्धत, सक्तीची झाली, तेव्हा त्यानंतरच्या गाडीवर दोन्ही चालायला हवीत. २०१० च्या आधीची गाडी असेल तर स्कॅनर लावायचं सॉकेट सोळा पिनांचं दिसलं तरी ती कुणाशीच बोलेल याची खात्री नाही. आधी कुणाचं तरी मागून आणून लावून बघा. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे या किमतीत बहुधा दोघांच्याही आवाक्याबाहेर. आणि क्लच जळाल्याचा वास किंवा खड्ड्यात येणारी खडखड यांना कोड नसतातच, तिथे मिस्त्रीचे कानच लागतात.

डोंगलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. चालत्या गाडीचा आलेख बघायचा तर त्याला तोड नाही. ट्रॅफिकमध्ये कूलंटचं तापमान शंभरच्या वर चढतंय आणि गाडी जरा पळाली की लगेच उतरतंय, हे एकदा फोनवर नोंदलं गेलं की संशय सरळ रेडिएटरच्या पंख्यावर किंवा त्याच्या रिलेवर जातो. इंधनाच्या ट्रिमचंही (इंजिनचा संगणक इंधन किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) तसंच. गाडी जागेवर उभी असताना ट्रिम वीस टक्क्यांच्या आसपास आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्यावर, तर कुठून तरी हवा शिरतेय. उलट चढावर, लोड आल्यावर ट्रिम वाढत जात असेल तर फिल्टर किंवा पंप बघा. पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी) हा कोड आला म्हणून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या खिशाला हा आलेख वाचवू शकतो. रीडरवर हेच आकडे दिसतात, पण चार ओळींत आणि बारीक अक्षरांत. चाळिशीचा चष्मा घरी राहिला तर आनंदच.

स्वस्त डोंगलमध्ये एक गोंधळ मात्र आहे. बहुतेकांवर ईएलएम ३२७ असं लिहिलेलं असतं. ही चिप मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. आपल्या हातात येते ती तिची नक्कल. जाणकार ‘१.५ आवृत्ती घ्या, २.१ नको’ म्हणतात; गंमत अशी की मूळ कंपनीने १.५ कधी काढलंच नव्हतं. सल्ला तरी बरेचदा खरा ठरतो, कारण २.१ लिहिलेल्या नकलांमध्ये निम्म्या आज्ञाच गायब असतात. आयफोन असेल तर आणखी जपून: जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ डोंगल त्याला चालत नाही. वायफायचं घेतलं तर फोन म्हणतो या वायफायला इंटरनेट नाही, आणि हळूच सोडून देतो.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला नडलं ते जोडणीचं नाटक.

दिवा लागतो तो रविवारी सकाळी घरासमोर निवांत असताना नाही. माझा लागला खंबाटकी घाट चढताना. गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप गेला, आणि दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकायला लागला. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये चाललंय, गाडी ताणू नका. कडेला जागा बघून थांबलो, डोंगल लावलं. फोन आधीच स्टिरिओने धरून ठेवलेला. तो सोडवला तर ॲपला ‘जवळपासच्या उपकरणांची’ परवानगी हवी. मधल्या काळात फोन अपडेट झाल्यामुळे जुनी उडालेली. मग पिन, १२३४ की ००००. मग ‘इसीयूशी (इंजिनच्या संगणकाशी) संपर्क होत नाही’. इग्निशन बंद-चालू केलं, तर एक जाहिरात आली. तेवढ्यात घरून फोन, कुठपर्यंत आलात. बायको शेजारी शांत बसून होती, त्याचा ताण वेगळाच.

कोड शेवटी मिळाला, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी यातलं काहीतरी होतंच. कुणी म्हणेल, महागडं डोंगल घे, ॲपचे पैसे भर, एवढा त्रास होणार नाही. असेलही. पण मग किंमत रीडरच्या पुढे जाते.

रीडरला गाडीच वीज देते. सॉकेटची सोळा नंबरची पिन थेट बॅटरीची, त्यामुळे खुपसलं की स्क्रीन उजळते, इग्निशन ऑन केलं की कोड समोर. पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. इंजिन बंद करून, थोडं निवू देऊन तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, थोडं फिरून या. आता पी०३०२ आला तर कॉइलच गेलीय. तिसरं तिसरंच राहिलं तर प्लग, नाहीतर इंजेक्टर. या खेळात कोड पुन्हा पुन्हा वाचावा-पुसावा लागतो आणि तिथे वायर फार बरी वाटते. पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांचा) मात्र फोनने फोटो काढून ठेवा. कोडबरोबर तीही जाते.

ती सोळा नंबरची पिन कायम जिवंत असते, याचा डोंगलवाल्यांना एक छोटा तोटा. लावूनच ठेवायची सवय लागली आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली, तर म्हाताऱ्या बॅटरीला तेवढंही पुरतं.

शिवाय रीडर उसनं देता येतं. शेजारचे काका सकाळी येऊन घेऊन जातात, दुपारी परत आणून देतात, मला खाली उतरावं लागत नाही. डोंगल दिलं तर त्यांच्या फोनवर ॲप चढवून देण्यात माझी सकाळ जाते. मिस्त्रीच्या हातातही रीडर सहज जातं. माझ्या फोनवरचा आलेख बघून तो ‘हां हां’ म्हणतो आणि कामाला लागतो.

गाडीतला आकडा न् आकडा बघायची हौस असेल, फोन अँड्रॉइड असेल आणि गाडी घराच्या आसपासच फिरत असेल, तर डोंगल घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. घाट-रस्ते करणाऱ्याला मी वायरवालंच सुचवेन. घेताना दोन गोष्टी विचारा: लाइव्ह डेटा (चालू इंजिनचे आकडे) दाखवतं का, कारण अगदी स्वस्तातली काही फक्त कोड दाखवून गप्प बसतात, आणि वायर किती लांब. माझी आखूड आहे, त्यामुळे दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर काढून वाचावं लागतं.