लव्हाळ्यापायी १२,७०० रुपये घालवले

साताऱ्यात आमच्या घरामागे ९०० चौरस फूट अंगण आहे. पावसाळ्यात त्यात लव्हाळा इतका माजला की फरशीच्या फटींतूनही कोंब यायला लागले. उपटून उपटून कंबर गेली. अशा वेळी तणनाशक फवारून देतो म्हणत दारात आलेला माणूस देवासारखा वाटतो, त्याला मी काय करू?

आठ रुपये फूट, म्हणजे ७,२००. ‘मुळासकट मारतो साहेब, वर्षाची गॅरंटी.’ ३,००० आगाऊ दिले. कॅनवर लेबल नव्हतं. विचारलं तर म्हणे, पावसात सुटलं. लेबल नसेल तर कॅन अंगणात येऊच देऊ नका.

दुसऱ्या दिवशी पाती करपली, तिसऱ्या दिवशी सगळं अंगण तांबूस. तो बरोबर त्याच दिवशी उरलेले ४,२०० न्यायला आला. इथेच माझी अक्कल गहाण पडली होती. मी बॉटनीचा बी.एस्सी.! मुळापर्यंत उतरणाऱ्या औषधाला आठ-पंधरा दिवस लागतात. दोन दिवसांत जळतं ते फक्त वरचं पान. खुरपं हातभर अंतरावर पडलं होतं. वीतभर खणून लव्हाळ्याच्या मुळाची एक गाठ फोडली असती, तर आत पांढरीफेक, टणक, जिवंत दिसली असती. आई ओट्यावरून म्हणालीही, ‘लव्हाळा असा मरत नसतो रे.’ मी तिलाच गप्प केलं.

वर त्याच्याकडूनच ५,५०० ची लाल माती टाकून घेतली, लॉनसाठी. तीन आठवड्यांत जुना लव्हाळा वर आला, आणि मातीतून आलेला नवा. माती चाळून बघितल्याशिवाय घेऊ नका.

फोन बंद. चौकीत गेलो तर हवालदार हसला, ‘गवताची तक्रार?’ कृषी कार्यालयात म्हणाले, आम्ही शेतांचं बघतो. अहो, फवारणीचा धंदा करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, तो तपासायचा कुणी? नगरपालिकेत उत्तर मिळालं, गवत तुमच्या हद्दीतलं. तिथून पुन्हा चौकी, आज साहेब नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिलाच प्रश्न, बिल आहे का? नाही. त्यांचंही खरं, पण बिल देणारा असता तर फोन कशाला केला असता?

काल मागच्या गल्लीत तोच पांढरा कॅन दिसला. धावत गेलो. काकू कौतुकाने म्हणाल्या, ‘दोनच दिवसांत वाळलं बघा!’

‘पैसे दिलेत?’

‘सकाळीच.’