खाऊचा डबा, नऊ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ते झाकण!

कप्पे किती, क्लिपा किती, स्टील कसलं, हे तुम्ही वाचलेलं असणारच, म्हणून ते सोडून देते. डबा माझ्याकडे नऊ महिने आहे. या काळात त्याने पाच लांबचे विमानप्रवास केले आणि गाडीने सात-आठ खेपा, त्यातली एक सलग अकरा तासांची. पहिल्या महिन्यात मी त्याचं इतकं कौतुक केलं की बहिणीने कंटाळून स्वतःसाठी तसाच एक मागवला. चौथ्या महिन्यात मी तिची माफी मागितली. आता परत जरा नरमले आहे.

चौथ्या महिन्यात झालं ते असं. रात्रीचं विमान, सात तास. मग अडीच तासांचा थांबा, मग आणखी पाच तास. विमानतळावर खायला विकत घ्यायचं नाही हा माझा नियम आहे. परवडत नाही असं नाही, पण दोन पावांच्या मध्ये काकडीची एक चकती घालून जो भाव सांगतात तो ऐकला की भूकच मरते. म्हणून सगळं डब्यात: भाजलेले बदाम, बिया काढलेला खजूर, घट्ट चीजचे तुकडे, बिस्किटं. विमानात अर्ध्या वाटेवर डबा उघडला, सगळ्यांनी थोडे बदाम खाल्ले, चारही क्लिपा नीट लावल्या आणि चीज-बिस्किटं थांब्यासाठी राखून ठेवली.

थांब्यावर चारही क्लिपा उघडल्या. झाकण हललंच नाही.

नखं लावून पाहिली, एक तुटलं. नवरा म्हणाला, "दे इकडे," आणि डबा गुडघ्यांत धरून असा ओढायला लागला की समोरच्या रांगेतली माणसं फोन सोडून आमच्याकडे बघायला लागली. झाकण मधोमध बशीसारखं आत गेलं होतं. मला वाटलं, नवऱ्यानेच दाबून वाकवलं. तसं मी बोललेही. तो गप्प बसला, म्हणजे रागावला. शेजारच्या बाकावरच्या एका धिप्पाड गृहस्थांनी स्वतःहून हात लावून पाहिला आणि "सॉरी" म्हणून परत केला. सुरी वगैरे जवळ असण्याचा प्रश्नच नाही. मुलगी पाच मिनिटांत तिसऱ्यांदा विचारत होती की आता चीज मिळणार की नाही.

सासूबाई इतका वेळ नुसत्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, त्याच्याशी कुस्ती काय खेळताय? जरा हवा जाऊ दे आत." आणि डोक्यातला आकडा काढून त्याचं वाकडं टोक झाकणाच्या कडेला, रबराखाली सरकवलं. फुस्स! झाकण एका बोटाने उचललं गेलं, आणि आत गेलेली बशी टक्कन वर आली. नवऱ्याने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

गंमत म्हणजे याच्या उलटी खूण मला आधीच मिळाली होती. पहिल्याच विमानप्रवासात, घरी बंद केलेला डबा वर गेल्यावर उघडला तेव्हा फट् असा आवाज होऊन खारे शेंगदाणे उडाले होते आणि मिठाचा भुगा शेजारच्या बाईंच्या काळ्या शालीवर पडला होता. तेव्हा मी कौतुकाने म्हणाले होते, बघा, काय घट्ट झाकण आहे!

परत आल्यावर फोटोंसकट तक्रार केली. उत्तर आलं: झाकण घट्ट बसणे हे आमच्या उत्पादनाचे वैशिष्ट्य आहे. मग फोन केला.

"मॅडम, डबा गरम असताना बंद केला होता का?"

"नाही हो. विमानात बंद केला होता."

"मग तुम्ही विमान कंपनीकडे विचारून बघता का?"

हे वाक्य मी अजून विसरले नाही. त्यात आकड्याने रबराला एक बारीक चीर गेली होती. तर म्हणे टोकदार वस्तूने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि नुसतं रबर वेगळं मिळत नाही, पूर्ण झाकण घ्यावं लागेल. करंगळीपेक्षा बारीक रबरासाठी अख्खं झाकण! बहिणीची माफी मागितली ती याच संध्याकाळी.

पुढे रागाच्या भरात गणित मांडायला बसले, आणि तिथे माझं मत फिरायला लागलं. विमान कितीही उंच गेलं तरी केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवतात, म्हणजे दाब जमिनीवरच्या जेमतेम तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश. मी तिथे डबा बंद केला, म्हणजे ती विरळ हवाच आत कोंडली. खाली उतरल्यावर बाहेरचा दाब पूर्ववत झाला, आतला तसाच राहिला. फरक दर चौरस सेंटीमीटरला सुमारे पाव किलो धरा. झाकण २० बाय १५, म्हणजे ३०० चौरस सेंटीमीटर. कागदावर हे ७० किलोच्या आसपास जातं. झाकण आत वाकतं, त्याने फरक थोडा कमी होतो, पण सोडून द्या, एक माणूस झाकणावर बसलाय आणि तुम्ही नखाने उचलताय असं समजा. विमानात अर्धी पिऊन बंद केलेली पाण्याची बाटली उतरल्यावर चेपलेली असते, तेच हे. बाटली चेपते, स्टील तितकं चेपत नाही. चिप्सचं पाकीट वर गेल्यावर उशीसारखं फुगतं ते याच्या उलट.

म्हणजे डबा सदोष नव्हता. तो जरा जास्तच चांगला होता. पण हे मला कंपनीने सांगायला हवं होतं की नाही? प्रवासाचा डबा म्हणून विकता, खोक्यावर विमानाचं चित्र छापता, आणि झाकणाला हवा सोडायची एक बारकी खुंटी देत नाही? मायक्रोवेव्हच्या साध्या प्लॅस्टिकच्या डब्यांनाही असते. माझं अर्धं रेटिंग इथेच गेलं आहे, आणि ते परत मिळणार नाही.

उपाय सोपा निघाला. विमान उतरायला लागून कानाला दडे बसायला लागले की डबा एकदा उघडायचा आणि परत बंद करायचा, आणि चाकं टेकल्यावर पुन्हा एकदा. किंवा वर असताना एकाच बाजूच्या क्लिपा लावायच्या. मुलगी आता कान दुखले की स्वतःच ओरडते, "आई, डबा!"

आता खाऊबद्दल, कारण डबा शेवटी त्याच्यासाठी.

विमानातलं जेवण मिळमिळीत लागतं त्याचा सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० च्या सुमारास विमानाच्या सांगाड्यात दाब कमी करून लोकांना जेवू घातलं, तेव्हा मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते असं दिसलं. वर हवा कोरडी, नाक सुकतं, वास कळत नाही, म्हणून चवही जाते. त्यामुळे घरी बेताचे खारट वाटणारे बदाम वर अळणी लागतात, आणि आपण मूठ-मूठ खात सुटतो. मग तहान लागते, पाय सुजतात. मी आता अर्धे खारे, अर्धे साधे असे मिसळून नेते.

खरा धक्का दिला तो छोट्या टोमॅटोंनी. काहीच सुचलं नाही म्हणून एका कप्प्यात भरले होते. घरी ज्यांना कोणी विचारत नाही ते वर इतके चविष्ट लागले की नवरा म्हणाला, हे कुठून आणलेस? कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ च्या एका अभ्यासात केबिनइतका, म्हणजे ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज कानावर सोडला, तर गोडाची चव मंदावली आणि उमामी म्हणजे ती टोमॅटो, मुरलेलं चीज यांच्यातली भरीव चव उलट वाढली. टोमॅटो अख्खे न्यायचे, देठ काढून आणि पुसून. कापलेला एक जरी गेला तरी सगळी बिस्किटं मऊ. अनुभवाने सांगते.

पीनट बटरचं मात्र नाव काढू नका. २००६ पासून हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत द्रव न नेण्याचा जो नियम आहे, त्यात जे पसरतं, ओततं, चोपडता येतं ते सगळं धरतात. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्यावर नियम सैल झालाय, पण परतीच्या विमानतळावर तसं असेलच असं नाही. तपासणीवाल्यांनी माझी जवळजवळ भरलेली बरणी टोपलीत टाकली. शेंगदाणे चालतात, तेच वाटले की द्रव! मी हुज्जत घातली, मागची रांग चुळबुळायला लागली, नवरा चार पावलं पुढे जाऊन मी कोण हे माहीत नसल्यासारखा उभा राहिला. दह्याची वाटीही त्यातच गेली. शेंगदाण्यांचंही एक आहे: जवळपास कोणाला त्यांची ॲलर्जी असेल तर कर्मचारी पाकीट उघडू नका म्हणतात. म्हणून शेंगदाणे गाडीसाठी, विमानासाठी भोपळ्याच्या बिया.

उकडलेली अंडी विमानात नेऊ नका. कारण विचारू नका. केळंही नको. त्याच्या वासाने बाकीचं सगळं केळ्याचं होतं, आणि बॅगेत तळाशी गेलं की संपलंच. सफरचंद उत्तम, पण अख्खं, आणि उतरायच्या आधी संपवायचं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या ठिकाणी बॅगेत विसरलेलं एक फळ जाहीर केलं नाही तर जागेवर दंड होतो. फसफसणारी पेयं आणि डाळी-कडधान्यांचे पदार्थ वर जाण्याआधी टाळलेले बरे. डब्यातल्या हवेचं जे होतं तेच पोटातल्या हवेचं होतं, आणि पोटाला क्लिपा नसतात.

गाडीचं गणित वेगळं. तिथे दाबाची कटकट फक्त घाटात, तीही किरकोळ. शत्रू म्हणजे ऊन. बाहेर ३५ अंश असेल तर उन्हात बंद उभ्या गाडीत तासाभरात ५५ च्या पुढे जातं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे चॉकलेट जेवायला थांबलो तेवढ्यात डब्यात वाहायला लागलं. अक्रोड उन्हात लवकर खवट होतात, बदाम टिकतात. चीज, सँडविच, शिजवलेलं काहीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. ३२ अंशांच्या वर तर तासभरच.

चालवणाऱ्याच्या खाऊला माझी कसोटी एकच: रस्त्यावरून नजर न काढता एका हाताने खाता यायला हवं. खजूर (बी आधीच काढून), बदाम, द्राक्षं. चिप्स नाहीत, कारण मग बोटांचं तेल स्टिअरिंगला. पॉपकॉर्न मुलीसाठी, पण जागा खूप खातं आणि पोटात काही जात नाही. भुगा मात्र सीटच्या फटीत महिनाभर सापडतो.

आणि याच अकरा तासांच्या खेपेत त्या झाकणाने माझी बोलती बंद केली. थंड पिशवीतला बर्फ वितळला, डबा तळाशी, दोन बोटं पाण्यात. बाकीचे दोन प्लॅस्टिकचे डबे पाणी पिऊन बसले होते, सँडविचचा लगदा. हा उघडला तर क्रॅकर्स कडक, कुरकुरीत. रबराला चीर असूनही! त्या दिवशी एक तारा परत दिला.

तो पुन्हा काढावासा वाटला रबराच्या वासामुळे. एकदा लसूण घातलेलं चीज ठेवलं होतं. डबा कितीही घासला तरी नंतर दोन महिने खजुराला लसणाचा वास येत होता. वास स्टीलला नव्हता, सिलिकॉनच्या रबराला होता. ते काढून सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, दोन दिवस वाळवलं, तेव्हा गेला. रबर बसतं त्या खाचेत काळी बुरशीही धरते, म्हणून दर खेपेनंतर काढून धुवा. ते ओलं असताना परत बसवू नका.

तर घ्यावा का? आतापुरतं साडेतीन तारे, बहिणीला सांगितलंय की परत करू नकोस. कंपनीने तिसऱ्या फोननंतर "सदिच्छा म्हणून" एक नवं रबर पाठवलं, फुकट. ते छोट्या मापाच्या डब्याचं निघालं. मुलगी ते हातात बांगडीसारखं घालून फिरते. पुढच्या महिन्यात चौदा तासांचं विमान आहे. चौथा फोन तिथून आल्यावर करेन. सासूबाई अधूनमधून विचारतात, माझा आकडा कुठे गेला गं? तो डब्याबरोबर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, पण अजून सांगितलेलं नाही.