कोल्हापुरात घडवून घेतलेली पितळी हनुकिया: सविस्तर अभिप्राय

हनुका या ज्यू सणासाठी लागणारा दिवा, म्हणजे हनुकिया, आपल्याकडे दुकानात तयार मिळणे कठीण असते. मुंबईतील बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाच्या जुन्या घरांत भिंतीला टांगायची पितळी पट्टी, तिला जोडलेल्या कड्या आणि त्या कड्यांत बसवलेले तेलाचे काचेचे पेले अशा धाटणीचा दिवा असे. हल्ली बहुतेक कुटुंबे मेणबत्त्यांचा किंवा विजेचा दिवा ऑनलाइन मागवतात. आम्ही कोल्हापुरात स्थायिक आहोत, आणि ज्या गावात समया, निरांजने व लामणदिवे पिढ्यान्‌पिढ्या विकले जातात तिथे हा दिवाही घडेल अशा विश्वासाने, महाद्वार रोडलगतच्या एका गल्लीतील पितळी भांड्यांच्या दुकानातून तो सांगून करून घेतला. संपूर्ण सणभर वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

दिव्याची पारख करण्यापूर्वी त्याच्याकडून अपेक्षा काय असते ते सांगणे आवश्यक आहे. इसवी सनपूर्व १६४ मध्ये यहूदा मक्काबी या ज्यू सेनानीने आणि त्याच्या भावांनी, सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याने विटाळलेले जेरुसलेमचे मंदिर परत मिळवून शुद्ध केले. एका दिवसापुरते सापडलेले शुद्ध तेल तिथे आठ दिवस पुरले, असे तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा प्राचीन ग्रंथ सांगतो. म्हणून ज्यू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ रात्री दिवे लागतात. ते कसे लावावेत यावर मात्र दोन गुरुघराण्यांत मतभेद होता. शम्मायच्या शिष्यांचे म्हणणे असे की पहिल्या रात्री आठ दिवे लावावेत आणि रोज एक कमी करावा, जसे सुक्कोथच्या सणात मंदिरात अर्पण होणारे बैल पहिल्या दिवशी तेरा असत आणि रोज एकेक घटत सातव्या दिवशी सातवर येत. हिल्लेलच्या शिष्यांचे म्हणणे असे की पहिल्या रात्री एकच लावावा आणि रोज एक वाढवावा, कारण पवित्र गोष्टींत चढत जावे, उतरू नये. आज सर्वत्र हिल्लेलच्या घराण्याची रीत पाळली जाते. शम्मायच्या मताचाही मला आदर वाटतो, कारण पहिल्या दिवशीचा उत्साह खरोखरच सर्वांत मोठा असतो आणि त्यांनी तो लपवला नाही. पण माणसाच्या साधनेला टिकाऊ वळण लावायचे असेल तर हिल्लेलचा मार्गच माणसाच्या बेताचा आहे. शिवाय तालमूदनुसार मूळ कर्तव्य फक्त घरटी रोज एका दिव्याचे आहे, आणि चढती संख्या ही त्यापुढची हौसेची भर आहे. त्यामुळे ज्याच्या घरी एकच दिवा आहे तोही या सणातून वगळला जात नाही.

याचा अर्थ, हनुकिया अशी हवी की तिच्याकडे पाहताच आज कितवी रात्र आहे ते कळावे. आमच्या कारागिरांनी प्रथम सुचवले की मोठ्या समईच्या तबकाला नऊ चोची (आठ रात्रींच्या आठ आणि इतर दिवे पेटवणाऱ्या शम्माशची एक) काढू, काम सुबकही होईल आणि स्वस्तातही बसेल. ते चालणारे नव्हते. एका पसरट भांड्यात तेल भरून भोवती वाती लावल्या, तर ज्योती एकमेकींत मिसळून शेकोटीसारख्या होतात आणि त्यांतील एकही वात दिवा म्हणून धरली जात नाही, असे तालमूदने स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक रात्रीची भर वेगळी ओळखू आली पाहिजे. हे समजावून सांगितल्यावर त्यांनी समईची बैठक आणि खांब तसाच ठेवून वर आडवी पट्टी घेतली आणि तिच्यावर आठ स्वतंत्र वाट्या एका ओळीत, एका उंचीवर, दोन वाट्यांमध्ये अंगठाभर अंतर सोडून झाळून बसवल्या. रोज एकेकच दिवा का वाढवायचा, असे त्यांनी विचारले तेव्हा मी हिल्लेलचे मत सांगितले. त्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या अंबाबाईच्या किरणोत्सवावाणी की, ताई. पयल्या दिवशी किरणं पायावरच पडत्यात. तोंडापर्यंत यायला दिवस जावं लागत्यात." मावळतीचे किरण चरणांपासून मुखापर्यंत दिवसागणिक वर चढताना पाहण्यासाठी ज्या गावात माणसे गर्दी करतात, तिथल्या माणसाला ही कल्पना अधिक समजवावी लागली नाही.

प्रत्यक्ष वापरात या दिव्याचा मला सर्वांत आवडलेला गुण वाट्यांच्या आतल्या बाजूचा आहे. कारागिरांनी त्या बाहेरून जितक्या घासल्या तितक्याच आतूनही घासल्या आहेत. पहिल्या रात्री उजव्या टोकाच्या वाटीत एकच वात जळत असताना शेजारच्या कोरड्या वाटीच्या तळाशी तिचे लहानसे पिवळे प्रतिबिंब थरथरताना दिसते. सात रिकाम्या वाट्या उणीव म्हणून डोळ्यांत खुपत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने हनुकियेची खरी परीक्षा इथेच आहे, कारण आठव्या रात्री कोणताही दिवा सुंदर दिसतो. दुसऱ्या रात्री फक्त नवी वात लावून भागत नाही. कालचीही पुन्हा ताज्या तेलावर लावावी लागते, आणि तीही नवी लावून झाल्यानंतर. कालची प्रगती आपोआप शिल्लक राहत नाही, आजच्या पायरीसोबत ती नव्याने कमवावी लागते, हे मला या दिव्यासमोर रोज हाताने करताना जितके पटले तितके ऐकून कधी पटले नव्हते. (शम्माश धरून सर्व रात्रींच्या मिळून ४४ वाती होतात, तेव्हा कापूस आधीच वळून ठेवावा.)

आता दोषांकडे वळते. शम्माश हा सेवकदिवा इतरांना पेटवण्यासाठी असतो आणि हनुकाच्या ज्योतींचा उजेड वाचण्या-विणण्यासारख्या कामाला वापरायचा नसल्यामुळे तो उजेड शम्माशच्या नावावर जावा, अशी त्यामागची योजना आहे. म्हणून त्याची जागा ठळकपणे वेगळी हवी. आमच्या दिव्यात तो मध्यभागी आहे, पण इतर वाट्यांपेक्षा जेमतेम बोटभरच उंच आहे. आठव्या रात्री दारातून पाहणाऱ्याला सलग नऊ दिवे दिसतात आणि मोजणी फसते. किमान चार बोटे उंची मागून घ्यावी. दुसरे असे की वाट्या उथळ आहेत. अंधार पडल्यानंतर अर्धा तास ज्योत टिकली पाहिजे, आणि एरवीच्या रात्री ती तासभर सहज टिकते. पण शुक्रवारी हे दिवे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाच्या, दिव्यांच्याही आधी, सूर्यास्तापूर्वी लावावे लागतात, आणि तेव्हा जाड वात घेतली तर तेल वेळेआधी संपते. बारीक वळलेली वात घेतल्यास अडचण येत नाही. खोल वाटी करून देता आली असती, असे दुकानदारांनी नंतर मान्य केले.

तेलाच्या बाबतीत ऑलिव्हचे तेल श्रेष्ठ मानले जाते, पण नीट जळणारे कोणतेही तेल चालते. आम्ही घाण्याचे शेंगतेल वापरले. त्याची काजळी थोडी धरते, तरी चोच रुंद असल्याने चिमट्याने वात सारणे सोपे जाते. कोकणात आमचे बेने इस्राएल पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पण त्यांच्या जुन्या सणांत हनुका नव्हता. इतर ज्यू समाजांशी संबंध आल्यावर तो पुढे आमच्यात रुजला. एका समाजाच्या उपासनेतही एकेक दिवा असा वाढत गेला आहे, आणि म्हणून हा दिवा इथल्या पितळेचा आणि इथल्या तेलाचा असावा याला माझ्या लेखी मोल आहे.

दिव्याचे वजन सुमारे अडीच किलो असून मजुरीसह ३,८०० रुपये पडले. ऑनलाइन दिव्यांच्या तुलनेत ही किंमत जास्त आहे, पण झाळकाम पक्के आहे, बैठक जड असल्याने दिवा खिडकीतल्या वाऱ्यानेही डगमगत नाही, आणि चिंच-मिठाने घासला की पुन्हा लख्ख होतो. पट्टीच्या खालच्या कडा थोड्या धारदार राहिल्या होत्या, त्या दुकानाने पैसे न घेता कानस मारून गुळगुळीत करून दिल्या. किस्लेव साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतो आणि दिवाळीपूर्वी सर्व कारागीर समयांच्या कामात गुंतलेले असतात, म्हणून ज्यांना असा दिवा हवा असेल त्यांनी गणपतीच्या सुमारासच सांगून ठेवावा आणि शम्माशची उंची व वाट्यांची खोली कागदावर काढून द्यावी.