फोटोग्राफर नसलेला फोटो स्टुडिओ, दोनदा जाऊन आल्यावर

एक रिकामी खोली, मागे राखाडी कागदाचा रोल, बाजूला पांढऱ्या कापडाआड दिवा असलेला छत्रीएवढा सॉफ्टबॉक्स, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या वर टीव्हीएवढा स्क्रीन. हातात गाडीच्या चावीएवढं रिमोट देतात, पाच मिनिटं समजावून सांगतात आणि तिथला मुलगा दार ओढून घेऊन चक्क निघून जातो. पुढची वीस मिनिटं खोलीत तुम्ही आणि तुम्हीच. सेल्फ फोटो स्टुडिओ म्हणतात याला. मी आधी एकटी गेले, मग दीड महिन्याने आईला घेऊन गेले, आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा की नुसते स्टार देऊन मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून हे लांबलचक पुराण.

गेले कशाला, तर नवीन ऑफिसने फोटो मागितला होता आणि माझ्याकडचा त्यातल्या त्यात बरा फोटो नऊ वर्षांपूर्वीचा, तो दिला असता तर पहिल्याच दिवशी गेटवर अडवलं असतं. मोबाईलवर काढून बघितले दहा-बारा, सगळ्यांत नाक पुढे आणि मी मागून येतेय. मला वाटायचं फोनचा कॅमेरा भिकार आहे, पण भानगड अंतराची असते. साधारण ३० सेंटीमीटरवरून फोटो काढला की नाक कानांच्या मानाने कॅमेऱ्याच्या फारच जवळ येतं. २०१८ मध्ये काही डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा ३० सेंटीमीटरवरच्या फोटोत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे कित्येक वर्षं मी स्वतःच्या नाकाबद्दल जे मत करून बसले होते ते खरं म्हणजे माझ्या हाताच्या लांबीबद्दलचं होतं. स्टुडिओत कॅमेरा दोनेक मीटर लांब असतो, निम्मं काम तिथेच होतं. लाईट वगैरे भारी आहेच पण पहिलं श्रेय अंतराला.

आता मुख्य गोष्ट. कोणी बघत नसलं की आपण मोकळे होऊ, या कल्पनेवर हा सगळा धंदा उभा आहे, जाहिरातीतही तेच लिहिलेलं असतं. मलाही ते पटलं होतं. शाळेत असताना फोटो काढणारे काका म्हणायचे, हनुवटी थोडी खाली, अजून थोडी, हं आता हसा, आणि आपण हसेपर्यंत क्लिक होऊन गेलेलं असायचं. इथे काका नाहीत. काय हवं ते करा.

तर मी काय केलं, हनुवटी थोडी खाली घेतली.

खरंच. पहिले चाळीसेक फोटो मी त्याच चेहऱ्याने काढले. जमिनीवर टेपने फुली मारलेली असते तिथे उभी राहिले, खांदे सरळ केले, ओठ मिटून हसले आणि बटण दाबत राहिले. रिमोट दाबल्यावर दोन सेकंदांनी क्लिक होतं, त्या दोन सेकंदांत हात लपवायचा असतो, हे मला कळलंच नाही, त्यामुळे सगळ्या फोटोंत माझी उजवी मूठ गच्च आवळलेली आहे, गोळी लपवून उभं राहिलेलं पोर दिसतं तशी. शेवटी फोटो निवडताना ते सगळे छोटे छोटे करून ओळीने स्क्रीनवर दाखवतात ना, तेव्हा माझं मलाच हसू आलं. एकूण १४३ फोटो, त्यातले पहिले चाळीस म्हणजे एकच फोटो चाळीस वेळा. काका खोलीत नव्हते पण माझ्या मानेत होते, ते कुठे जाणार.

आणि खोली रिकामी आहे असं आपल्याला वाटतं, पण ती रिकामी नसते. फुली सांगते इथे उभे राहा. बाहेरच्या पॅसेजमध्ये आधी आलेल्या लोकांच्या फोटोंची भिंत असते, त्यावर गालावर हात, पाठीला पाठ, बोटांचं बदाम, उडी मारलेला एक, झालं, संपले प्रकार. आत जाण्याआधी दहा मिनिटं ती भिंत बघत बसायचं, मग आत जाऊन आपल्याला सुचतं काय तर बोटांचं बदाम. कोपऱ्यात एक शेल्फ आहे टोप्या, प्लास्टिकची फुलं, जाड काळ्या फ्रेमचे बिनकाचेचे चष्मे यांनी भरलेलं. मी एक टोपी घालून बघितली. वाढदिवसाला जबरदस्तीने उभं केल्यासारखी दिसले, काढून ठेवली. माझा सल्ला, प्रॉप्स लागणारच असतील तर घरून आपली वस्तू न्या, रोजच्या हातातली, पुस्तक, विणकाम, पाना-स्क्रूड्रायव्हर, काहीही. हाताला काम मिळालं की चेहरा आपोआप सुटतो आणि मूठही आवळली जात नाही.

सगळ्यात मोठा घोळ मात्र स्क्रीनचा. स्क्रीनवर तुम्ही लाईव्ह दिसता, आणि दिसता ते आरशासारखं, उलटं. ते बरं वाटतं कारण रोज आरशात हीच बाई भेटते. पण सेव्ह होणारा फोटो सुलटा असतो, म्हणजे इतरांना आपण दिसतो तसा, आणि क्लिक झाल्यावर तो दोन सेकंद स्क्रीनवर झळकतो. माझा भांग डावीकडे, फोटोत तो भलत्याच बाजूला, एक भुवई दुसरीपेक्षा वर, हे काय नवीनच. दर क्लिकला मी थोडी थोडी नाराज होत गेले. यावर एक जुना प्रयोग आहे, १९७७ मध्ये अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी केलेला. बायकांचे फोटो काढून त्यांच्या दोन प्रती केल्या, एक सुलटी, एक आरशासारखी उलटी, आणि विचारलं कुठली आवडते. फोटोतल्या बाईला स्वतःची बहुतेकदा उलटी प्रत आवडली आणि तिच्या जवळच्या माणसांना सुलटी. ज्याला जे बघायची सवय त्याला ते गोड, एवढंच. हे मला आधी माहीत असतं तर पहिली दहा मिनिटं वाया गेली नसती, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतेय. जाण्याआधी विचारा की स्क्रीन सुलटा करता येतो का. सेटिंग असतं, पण आपणहून कोणी सांगत नाही.

मला तेव्हा सेटिंग वगैरे काही माहीत नव्हतं. भिंतीवर टायमर उलटा मोजत होता, नऊ मिनिटं राहिली होती, मी वैतागून जॅकेट काढलं आणि स्क्रीनवर टाकून दिलं.

तिथून पुढचे फोटो वेगळे आहेत. म्हणजे लगेच नाही, आधी दोन-तीन फोटोंत मी नुसती गोंधळलेली दिसते, कुठे बघू कळत नाहीये. मग फुली सोडून खाली बसले कारण पाय दुखले होते. मग माझंच गाणं लावलं फोनवर, स्पीकरला जोडता येतं. एका फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, बुटाची नाडी बांधतेय आणि काहीतरी आठवून हसतेय, काय ते आता आठवतही नाही. ऑफिसला अर्थात तो दिला नाही, पण घरी लावलेला तोच आहे. फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीचा एक सेल्फी आहे, फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये काढलेला, घरच्या दिव्यांच्या दुकानामागे. लेन्सचं झाकण काढायचं, समोर जायचं आणि बराच वेळ न हलता थांबायचं. त्याला कसला स्क्रीन. केस विस्कटलेले, हाताची घडी, आणि फ्रेमच्या मधोमधही नाही तो. पण बघितलं की वाटतं हा माणूस आत्ता काहीतरी बोलेल. मला तो फोटो आधीपासून आवडायचा, का आवडतो ते जॅकेट टाकल्यावर कळलं.

लाईटबद्दल थोडं, कारण तिथे कोणी हे नीट सांगत नाही. सॉफ्टबॉक्सपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो, त्यामुळे खोलीत एक पाऊल इकडे-तिकडे झालं तरी फरक पडतो. मागच्या कागदाला चिकटून उभं राहू नका, सावली पडते, दीड-दोन पावलं पुढे या. खाली बसणार असाल तर मुलाला आधीच सांगा, तो लाईट खाली करून देतो. चष्मा असेल तर काचेत सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसतो, मान किंचित वळवली की जातो.

आता तक्रार. वीस मिनिटं झाली की पाच मिनिटांत चार फोटो निवडायचे, बाजूला पुढचं गिऱ्हाईक बूट काढत उभं. १४३ मधून चार, पाच मिनिटांत! आणि निवडलेले फोटो प्रिंट होऊन आले तेव्हा माझ्या भुवईतली खूण गायब. लहानपणी दाराच्या कडीवर आपटले होते त्याची खूण आहे, तिथे केस उगवत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये चेहरा गुळगुळीत करायचं सेटिंग कायम चालूच ठेवलेलं असतं आणि त्याने ती जागा परस्पर भरून टाकली, छान एकसारखी भुवई. मुलगा म्हणाला, मॅडम सगळ्यांना असंच आवडतं. मी म्हटलं असेल, पण मला माझी भुवई परत द्या. दिली, कुरकुर न करता दिली हे खरं, पुन्हा प्रिंट काढली. पण ज्या ठिकाणाची जाहिरातच तुम्ही जसे आहात तसे या अशी आहे तिथे हे विचारून करायला नको? बाकी फोटो आठवड्याने डिलीट करतात, परवानगीशिवाय भिंतीवर लावत नाहीत, खोलीत दुसरा कॅमेरा नाही, हे सगळं मी विचारून घेतलं, तुम्हीही विचारा, लाजू नका.

दुसऱ्या वेळी आईला नेलं ते या अनुभवाच्या जोरावर. मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात आत गेल्या गेल्या मी स्क्रीनवर जॅकेट टाकायला निघाले तर आई म्हणाली, अगं थांब, मला बघू दे ना मी कशी दिसते ते.

आईचं असं आहे की फोटो म्हटलं की ती चष्मा काढते. कायम. गेल्या तीस वर्षांतल्या कुठल्याही फोटोत आईला चष्मा नाही, आणि प्रत्यक्षात चष्म्याशिवाय आई आम्ही फक्त झोपलेली बघितलीय. अल्बममधली ती बाई कोण असा प्रश्न पडावा. तर इथेही तिने सवयीने चष्मा काढला, घडी करून हातात धरला, आणि मग तिला स्क्रीनवरचं काही दिसेना. पुढे झुकून बघितलं, डोळे बारीक केले, दोन पावलं पुढे गेली तर फ्रेमच्या बाहेर. शेवटी वैतागून चष्मा रुमालाने पुसला आणि घातला. स्क्रीनवर स्वतःला नीट बघितलं. म्हणाली, बरी दिसते की. आणि पुढचे सगळे फोटो चष्म्यासकट.

स्क्रीनबद्दल माझं ठाम मत तिथे थोडं डळमळलं. मला त्या स्क्रीनने बांधून टाकलं होतं, आईला मात्र त्यानेच सोडवलं. बहुतेक तिने इतकी वर्षं स्वतःला सावकाश, कोणी घाई न करता बघितलंच नव्हतं, आरशात बघायची ते कुंकू सरळ लागलंय का एवढ्यापुरतं. म्हणून आता मी कोणाला स्क्रीन बंदच करा असं सांगत नाही, दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं झाका, आणि कुठले फोटो आपले वाटतात ते बघा.

फोटो निवडायला बसलो तेव्हा अजून एक गंमत. मला माझे जे फोटो वाकडे वाटत होते तेच आई बोट ठेवून दाखवत होती, हा घे, हीच तर तू. आणि तिचे मी निवडलेले तिला पसंत नाहीत. म्हटलं हे तर १९७७ चंच चाललंय. मग असं ठरवलं की तिने माझे दोन निवडायचे आणि मी तिचे दोन. पाच मिनिटांची मुदत असताना यापेक्षा चांगली युक्ती नाही, जोडीने जाणाऱ्यांनी वापरून बघा. भुवईबद्दल या वेळी आधीच बजावून ठेवलं होतं.

एकूणात जा. एकटं एकदा आणि जवळच्या माणसाबरोबर एकदा, एवढं पुरे, तिसऱ्यांदा जाण्यासारखं त्यात काही उरत नाही असं मला तरी वाटतं. शक्य असेल तर दिवसातला पहिला स्लॉट घ्या, मागे कोणी उभं नसतं त्यामुळे निवडायला पाचाची दहा मिनिटं मिळतात. मोठा ग्रुप घेऊन जाऊ नका, मग ती नुसती सहल होते.

आईने चष्म्यातला फोटो फोनवर डीपी म्हणून लावला, स्वतः लावला, मला न विचारता. संध्याकाळी मावशीचा फोन, अगं फोटो छान आलाय पण चष्मा काढायचा नाहीस का. आई भाजी निवडत होती, फोन स्पीकरवर. म्हणाली, काढला होता गं, पण मग मी दिसेचना मला.